पुरातून वाचलेला भाऊ रडत नाही: घट्ट राहू द्यावं की बोलतं करावं?

प्रश्न असा आहे. परंडा तालुक्यातल्या एका ताईंनी धाकट्या भावाबद्दल विचारलंय (ओळख पटेल असे तपशील मी गाळलेत). २०२५च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, त्या रात्री तो आणि चुलतभाऊ गोठ्यातली जनावरं सोडायला गेले. चुलतभाऊ वाहून गेला. हा बाभळीला धरून राहिला म्हणून वाचला. तेव्हापासून एकदाही रडलेला नाही. नदीकडच्या रानात पाय ठेवत नाही. आभाळ भरून आलं की रात्रभर जागा असतो. ‘अर्धा घंटा आधी गेलो असतो तर’ हे एकच घोकत बसतो आणि अलीकडे संध्याकाळी पिऊ लागलाय. आई म्हणते, विषयच काढू नका, मन घट्ट केलं की हळूहळू विसरेल. वहिनी म्हणते, एकदा समोर बसवून सगळं वदवून घ्या, पोटभर रडला की मोकळा होईल. ताईंना कळत नाही, कोणाचं ऐकावं. मृग तोंडावर आलाय, म्हणून घाईही आहे.

ताई, घरातला वाद ज्या गोष्टीवरून चाललाय, ती तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टींतली सगळ्यांत कमी काळजीची आहे. रडत नाही, नदीकडे जात नाही, एकच विचार घोकतो, पितो. हा मुलगा माझ्यासमोर येऊन बसला तर न रडण्याला मी सगळ्यांत शेवटी हात घालीन. उरलेल्या तिन्ही गोष्टींकडे मात्र घरात कोणाचंच लक्ष नाही, कारण त्या गुपचूप चालतात आणि वरवर समजूतदारपणासारख्या दिसतात.

आधी न रडण्याबद्दलच बोलू, म्हणजे तो वाद मिटेल. आपल्याकडे मयतीत बाईला रडायला जागा आहे. बायका गळ्यात पडून, हेल काढून, गेलेल्याचं एकेक सांगत रडतात आणि दहाव्यापर्यंत कोणी ना कोणी सोबत असतं. पुरुषाने त्याच वेळी लाकडं, मांडव, पाहुण्यांचा चहा बघायचा. तुमच्या भावाला तर पोलिसांचा जबाब, शवविच्छेदन, तलाठ्याचा पंचनामा, मेलेल्या जनावरांचे फोटो हे सगळं करावं लागलं असणार. तेव्हा त्याने भावना दाबल्या म्हणूनच ती कामं झाली. याला आजार म्हणायचं कारण नाही.

दाबण्याची किंमत मात्र मोजावी लागते. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात काही लोकांना अस्वस्थ करणाऱ्या चित्रफिती दाखवल्या आणि त्यातल्या काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही. चेहरे कोरे राहिले, पण अंगातली ताणाची यंत्रणा उलट जास्त चालू झाली. पुढे २००३ साली एमिली बटलर यांच्या प्रयोगात दिसलं की, दोन माणसं बोलत असताना एकाने भावना दाबल्या तर समोरच्याचाही रक्तदाब वाढतो. घरात तो गप्प बसला की तुमच्या आईचा जीव वरखाली होतो, त्याचं थोडंफार स्पष्टीकरण यात आहे. पण याच बटलर यांना नंतर असंही दिसलं की, आशियाई मूल्यं मानणाऱ्यांमध्ये दाबण्याचे दुष्परिणाम सौम्य असतात. जिथे चारचौघांत संयम ठेवणं हेच रीतीचं धरतात, तिथे संयम ठेवणारा माणूस एकटा पडत नाही. तेव्हा ‘दाबलं की स्फोट होणारच’ असं मानून घाबरून जाऊ नका.

माझ्या मते या विषयातलं सगळ्यांत उपयोगी संशोधन जॉर्ज बोनॅनो यांचं आहे. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमधल्या कॉलेजच्या मुलांची त्यांनी परीक्षा घेतली. सांगितल्यावर भावना मोकळेपणाने दाखवता येते का, आणि सांगितल्यावर ती झाकता येते का? ज्यांना दोन्ही जमत होतं, त्यांचा मानसिक त्रास दुसरं वर्ष संपताना इतरांपेक्षा कमी होता. म्हणजे तलाठ्यासमोर घट्ट आणि बायकोजवळ मोकळा, असं ज्याला जमतं तो बरा राहतो. तुमच्या भावाला झाकणं येतं. दाखवणं कधी आणि कोणापाशी, तेवढंच राहिलंय. ते जबरदस्तीने येणार नाही.

म्हणून वहिनींचा बेत थांबवा. त्यांचं मन चांगलं आहे, पण अपघात किंवा आपत्तीतून आलेल्या माणसाला एकाच बैठकीत बसवून सगळं तपशीलवार वदवून घेण्याची पद्धत एके काळी मोठ्या विश्वासाने वापरली जायची आणि नीट अभ्यास झाल्यावर ती निकामी ठरली. तिच्याने पुढचा आजार टळत नाही आणि काहींना ती बाधतेही. आठवण उकरायची असेल तर ती उकरल्यावर पुन्हा शांत कसं व्हायचं, हे आधी शिकवावं लागतं, मग पुन्हा पुन्हा भेटून ते काम पुरं करावं लागतं. पाहुण्यांच्या गराड्यात, सगळे तोंडाकडे बघत असताना ‘सांग ना, काय झालं होतं’ म्हटलं की तो आणखी मिटेल.

आता त्या ‘अर्धा घंटा आधी’कडे येते. मला खरी धास्ती याची वाटते.

सुझन नोलेन-होक्सेमा यांनी आयुष्यभर याच एका सवयीचा अभ्यास केला: दुःखाची कारणं नि परिणाम मनात घोळवत राहणं. त्यांच्या हाती योगायोगाने एक विलक्षण संधी आली. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या विचार करण्याच्या सवयी त्यांनी प्रश्नावली भरून घेऊन नोंदवल्या आणि चौदाच दिवसांनी, १७ ऑक्टोबर १९८९ला, कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. जी मुलं भूकंपाच्या आधीपासूनच घोळवणारी होती, ती दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनीही जास्त खचलेली निघाली. पुढे २०१०मध्ये ११४ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यातही नैराश्य आणि चिंतेशी सगळ्यांत घट्ट नातं या घोळवण्याचंच निघालं. टाळणं आणि दाबणं त्याच्या मागे होतं.

घोळवणं ओळखायला अवघड का? करणाऱ्याला वाटतं, मी विचार करतोय, कारण शोधतोय, गेलेल्याला विसरलेलो नाही. घरच्यांनाही वाटतं, बोलतोय म्हणजे मोकळा होतोय. म्हणून एक साधी कसोटी ठेवा. अर्धा तास त्याच विषयावर बोलल्यानंतर काही नवं आठवलं का, काही ठरलं का, किंवा मन थोडं तरी हललं का? यातलं काहीच झालं नसेल तर ते मोकळं होणं नव्हे. अशा वेळी ‘का’ने सुरू होणारे प्रश्न तुम्हीही विचारू नका. ‘का रे असं झालं’ म्हटलं की तो पुन्हा त्याच गाळात रुततो. ‘तेव्हा हातात बॅटरी होती का? पाणी कुठवर आलं होतं? आज सकाळपासून काय काय केलंस?’ असे जमिनीवरचे प्रश्न बरे.

अपराधीपणावर मी एक काम कागदावर करून घेते. त्याची रीत सांगते, कारण तिच्यात क्रमच महत्त्वाचा आहे. कागदावर एक भाकरी काढायची आणि तिचे वाटे करायचे: त्या रात्री जे घडलं त्याला कोण किती जबाबदार? स्वतःचा वाटा सगळ्यांत शेवटी काढायचा. आधी ढगफुटीसारखा पाऊस. वरून आलेलं पाणी. अंधार, वीज गेलेली. सूचना वेळेत न पोचणं. गोठा नदीच्या इतक्या जवळ बांधणारे आजोबा. ‘जनावरं वाचलीच पाहिजेत’ म्हणणारी सगळ्यांचीच मनं. गेलेल्या भावाचा स्वतःचा निर्णय (हा वाटा काढताना माणसाचा हात थांबतो, थांबू द्यावा). हे सगळं काढून झाल्यावर जी जागा उरते ती त्याची. कधी थोडी उरते, कधी जराही नाही. ‘तुझी काहीच चूक नव्हती’ हे शंभर जणांनी सांगूनही जे आत उतरत नाही, ते स्वतःच्या हाताने वाटे काढताना उतरतं. मी उत्तर सांगत नाही आणि तुम्हीही सांगू नका. हे शक्यतो प्रशिक्षित माणसासोबत करावं. घरात करायचंच असेल तर तो प्यायलेला नसताना, दिवसाउजेडी.

नदी टाळण्याचं बघू. टाळणं हा रामबाण उपाय असतो, तेच त्याचं दुखणं आहे. नदीच्या वाटेला वळलं की छाती धडधडते, मागे फिरलं की लगेच बरं वाटतं. त्या ‘बरं वाटण्या’मुळे पुढच्या वेळी तो आणखी लवकर मागे फिरतो. आधी नदी सुटते, मग रान, मग त्या बाजूची माणसं, मग पावसाळ्यातले चार महिने. भीतीला ‘इथे आता काही होत नाही’ हे शिकायची संधीच मिळत नाही.

किल्लारीच्या वेळचं सांगते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना, भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. नंतर लोक उघड्यावर, तंबूत, पत्र्याच्या शेडमध्ये झोपले. हादरे चालू होते, तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. पण नव्या गावात भूकंपाला टिकतील अशी घरं मिळाल्यावरही जो माणूस वर्षानुवर्षं अंगणातच झोपत राहतो, त्याच्यासाठी तीच कृती आता तुरुंग झालेली असते. म्हणून मी ‘हे करणं चांगलं की वाईट’ असं विचारत नाही. यामुळे आज त्याचा दिवस रुंद होतोय की अरुंद, एवढंच विचारते.

तुमच्या भावासाठी पायऱ्या अशा पडतील. नदी उन्हाळ्यात आटलेली आहे तोवर सुरुवात करा, मृगानंतर नाही. पहिल्यांदा भर दुपारी, एका विश्वासातल्या मित्राबरोबर, रस्त्यावरून नदी दिसते तिथवरच. भीतीला शून्य ते शंभर असे गुण द्यायचे. सत्तर असेल तर तिथेच थांबायचं, उतरून निम्मे होईपर्यंत. पंधरा मिनिटं लागोत की तास. सत्तर असतानाच परत फिरलात तर फेरी वाया जाते, उलट भीतीला बळ मिळतं. तीच फेरी कंटाळा येईपर्यंत पुन्हा करायची, मग बांधापर्यंत, मग गोठ्याच्या जागेपर्यंत, शेवटी त्या बाभळीपर्यंत. घाई नको आणि ‘चल, मर्द हो’ असलं काही बोलायचं नाही. पाण्याची खरी भीती शिल्लक राहिलीच पाहिजे. पूर असताना नदीकडे न जाणं हा आजार नाही.

पावसाच्या रात्रींसाठी वेगळं शिकवावं लागतं. पत्र्यावर थेंब वाजायला लागले की त्याच्या मेंदूला आजची रात्र आणि ती रात्र यातला फरक कळत नाही. अशा आठवणीवर तारीख नसते, ती ‘आत्ता’ म्हणूनच येते. तेव्हा ‘विचार करू नको’ हा आईचा सल्ला कामाचा नाही. डॅनियल वेग्नर यांनी १९८७मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं आणि अस्वलच डोक्यात ठाण मांडून बसलं, तसंच होतं. त्याऐवजी मोठ्याने फरक मोजायचा. तेव्हा कमरेएवढं पाणी होतं, आज पाय कोरड्या गोधडीवर आहेत. तेव्हा अंधार होता, आज दिवा आहे. तेव्हा गुरांचा हंबरडा होता, आज शेजारी लेकरू घोरतंय. सोबत श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांबवायचं. तो हरिपाठ म्हणत असेल तर सावकाश, एका दमात एक चरण असं म्हणायला सांगा. दीर्घ उच्छ्वास त्यातच साधतो आणि वेगळा ‘व्यायाम’ करतोय असं वाटत नाही.

आणि पावसाची तयारी जरूर करा. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, जनावरं वेळेत उंचवट्यावर, पुराची सूचना फोनवर कोण देणार ते ठरलेलं. ज्या गोष्टीत हात घालता येतो तिथे ‘सकारात्मक विचार करा’ हा सल्ला कुचकामी असतो. ॲलिसन ट्रॉय यांच्या २०१३च्या अभ्यासात हेच दिसलं: प्रसंग आपल्या हाताबाहेरचा असेल तर त्याकडे वेगळ्या नजरेने बघण्याचं कसब नैराश्यापासून वाचवतं, पण प्रसंग हातातला असेल तर तेच कसब नुकसान करतं. भावाचं जाणं बदलता येत नाही, तिथे अर्थ शोधायचा. खरडून गेलेल्या जमिनीचं अनुदान अडलं असेल तर तहसीलमध्ये खेटे घालायचे, अध्यात्म नव्हे. मात्र एकदा तयारी केली की झाली. रात्रीतून सात वेळा उठून नदीचा आवाज ऐकणं ही तयारी नव्हे, ती भीतीचीच चाकरी.

देवाधर्माबद्दल माझ्याकडे येणारे लोक बिचकत बोलतात. बिचकू नका. ‘पांडुरंग पाठीशी आहे’ असं मानणारा सहसा लवकर सावरतो. ‘माझ्या पापाची शिक्षा भावाला मिळाली’ असं मानणाऱ्याला जास्त मदत लागते. कोणी ‘बाहेरचं आहे, उतारा टाका’ म्हणालं तर भांडण करू नका, पण त्यात पैसे आणि महिने घालवू नका. आणि उपचार त्यासाठी थांबवू नका.

दारू. यावर मी कडक आहे. भावना काबूत ठेवायचा तो सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत महाग मार्ग आहे. ती झोप आणते आणि उत्तररात्री तीच झोप मोडते, मग पहाटेच्या जागरणात तेच विचार, उतरत्या नशेत. घरात फवारणीचं औषध असेल तर आजच्या आज ते त्याच्या हाताबाहेर, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. शक्य असेल तर दुसऱ्याच घरी. आपल्या भागात एका वाईट क्षणी हाताशी काय होतं यावर जीव जातो किंवा राहतो. ‘मरावंसं वाटतं का’ हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं याचंच बरं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल, किंवा तो टाळाटाळ करत असेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पहिल्या महिन्यात यातलं बरंचसं आपोआप ओसरतं, म्हणून तेव्हा कोणावर आजाराचा शिक्का मारत नाहीत. तुमच्या भावाला आठ महिने झालेत. आठवणी अंगावर येणं, टाळणं, स्वतःला दोष देणं, सतत दक्ष असणं, झोप उडणं हे महिन्याहून जास्त चाललं आणि कामधंदा बिघडला तर त्याला पीटीएसडी म्हणजे आघातोत्तर ताणविकार म्हणतात. निदान प्रत्यक्ष तपासूनच होईल, पण तुम्ही लिहिलेल्या गोष्टी त्या दिशेला बोट दाखवतात. याला नेमके उपचार आहेत: आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार (त्या आठवणीभोवतीचे विचार आणि वागणं पायरीपायरीने बदलायचं), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत त्या आठवणीवर काम करायचं), आणि गरजेप्रमाणे सर्ट्रालिनसारखी औषधं, जी काही आठवड्यांनी लागू पडतात. गावातल्या डॉक्टरकडून नुसती झोपेची गोळी आणून देऊ नका. अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्या या विकारावर गुण देत नाहीत, सवय लावतात आणि दारूवर घेतल्या तर श्वासाला धोका.

धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. अंबाजोगाई, लातूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही मानसोपचार विभाग आहेत. तो यायला तयार नसेल तर आधी तुम्ही स्वतः टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. फोन मोफत आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. ‘वेड्याच्या डॉक्टरकडे’ नेताय असं त्याला वाटू नये म्हणून झोपेपासून सुरुवात करा: ‘तुझी झोप गेलीय, ती दाखवून येऊ.’ झोपेची तक्रार सांगायला कोणाला लाज वाटत नाही.

जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: किती वाजता झोपतो, किती वाजता जाग येते, किती पितो, पुरानंतर कोणकोणती कामं आणि ठिकाणं सुटली, आणि आधी कधी असं खचल्याचं घरात कोणाला आठवतं का. आईलाही सोबत न्या. पुतण्या त्यांचाही गेलाय, आणि ‘विषय काढू नका’ हे त्या स्वतःसाठीही म्हणत असतील.